सिस्टीम ॲनालिस्ट म्हणून पाट्या टाकतोय, पण 'सिस्टीम थिंकिंग' हे नक्की काय प्रकरण आहे?

चौकोन_आणि_बाण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं माझ्या कार्डावर 'सिस्टीम ॲनालिस्ट' असं छापलेलं आहे. काम ठरलेलं. युजरशी बोला, कुठली माहिती कुठून कुठे जाते ते शोधा, डेटा फ्लो डायग्राम काढा, रिक्वायरमेंटचं बाड लिहा आणि डेव्हलपरच्या गळ्यात घाला. यात माझं काही अडत नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसने 'सिस्टीम थिंकिंग'चं दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. गोल गोल फिरणारे बाण, त्यांच्यावर अधिक-उणेची चिन्हं आणि एक हिमनग. 'सगळं सगळ्याशी जोडलेलं असतं' हे वाक्य दोन दिवसांत किमान दहादा ऐकलं. हे कळायला ट्रेनिंग कशाला हवं?

आता खरी अडचण. आमच्या सपोर्ट डेस्कवर आठवड्याला साधारण ११० तक्रारी येतात. माणसं पाच, प्रत्येकजण आठवड्याला वीसेक निकाली काढतो, म्हणजे १००. साठलेल्या तक्रारी सध्या २००, आणि दर आठवड्याला दहाची भर. मॅनेजरना आणखी तीन माणसं हवी आहेत. वरून मंजुरी मिळवायला त्यांना 'सिस्टीम थिंकिंगवाली एक आकृती' पाहिजे. शुक्रवारपर्यंत.

तर दोन प्रश्न. मी करतो ते सिस्टीम ॲनालिसिस आणि हे सिस्टीम थिंकिंग यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, की नुसतं नावात साम्य? आणि शुक्रवारी काय काढू?

---

कुंपणावरची

नावात साम्य, दुसरं काही नाही. एक आयटीवाल्यांचं, दुसरं मॅनेजमेंटच्या सल्लागारांचं. 'माणसं वाढली की साठा घटतो' असा एक जाडजूड बाण काढा आणि मोकळे व्हा. मंजुरी आकृतीवर मिळत नसते हो.

---

जुनी_स्टेन्सिल

बाणराव, दोन्ही एकाच घराण्यातली आहेत, पण चुलत. मधे बरीच भाऊबंदकीही झाली आहे. मी या धंद्यात छत्तीस वर्षं काढली. सुरुवात केली तेव्हा फ्लोचार्ट काढायला हिरव्या प्लास्टिकची स्टेन्सिल असायची. माझ्या स्टेन्सिलमधल्या निर्णयाच्या चौकटीचा एक कोपरा तुटका होता, त्यामुळे माझे सगळे निर्णय डावीकडे चेपलेले दिसायचे. लांबण लागणार आहे, सवडीने वाचा.

आधी तुमची शाखा. ती कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. ब्रिटनमध्ये लायन्स नावाची कंपनी होती, धंदा चहा आणि केकचा, टीशॉप जागोजागी. बिलं चिल्लर, पण संख्येने अफाट, त्यामुळे प्रत्येक बिलामागची कारकुनी परवडेना. म्हणून १९३० च्या दशकातच त्यांनी सिस्टीम्स रिसर्च ऑफिस काढलं होतं. पुढे या केकवाल्यांनीच स्वतःचा कॉम्प्युटर बांधला, लिओ, आणि १९५१ मध्ये त्यावर बेकरीचा हिशेब दर आठवड्याला चालू लागला. तिथले डेव्हिड कॅमिनर यांना बरेच जण पहिला सिस्टीम्स ॲनालिस्ट म्हणतात.

त्यांनी टीशॉपच्या मालाचं काम कसं बसवलं ते बघा. प्रत्येक दुकानाची त्या त्या वाराची नेहमीची ऑर्डर आधीच ठरवून ठेवलेली. मॅनेजरबाईंनी फोनवर फक्त फरक सांगायचा, आणि फोन घेणारी मुलगी तो ऐकता ऐकता थेट कॉम्प्युटरच्या कार्डावर भोकं पाडून (पंच करून) नोंदवायची. जुना फॉर्म जसाच्या तसा मशीनवर चढवायचा मोह किती झाला असेल! मुळात हा फॉर्म लागतोच कशाला, असं विचारणारं कुणीतरी तिथे होतं. निम्मं सिस्टीम ॲनालिसिस यात आलं.

शब्द मात्र दुसऱ्या गल्लीतून आला. दुसऱ्या महायुद्धात पॅट्रिक ब्लॅकेट वगैरे शास्त्रज्ञ ब्रिटिश सैन्यासाठी ऑपरेशनल रिसर्च करत होते. हातात आहे ती सामग्री अधिक चांगली कशी वापरायची, एवढाच प्रश्न. उदाहरणार्थ, मालवाहू जहाजांचे ताफे लहान ठेवावेत की मोठे? जहाजं चौपट झाली तरी ताफ्याचा घेर दुपटीनेच वाढतो, त्यामुळे राखणदार जहाजं त्या मानाने कमी पुरतात. निष्कर्ष: ताफे मोठे करा. स्वच्छ गणित, आणि ते लागूही पडलं.

युद्धानंतर कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला रँड ही अमेरिकी हवाई दलासाठी अभ्यास करणारी संस्था उभी राहिली. तिथल्या एड पॅक्सन यांनी 'सिस्टीम्स ॲनालिसिस' हे नाव रूढ केलं. प्रश्न आता अवघड झाला होता: जे विमान अजून जन्मालाच आलेलं नाही ते कसं असावं? पॅक्सनच्या चमूने बाँबर आणि बाँब यांचे लाखो संयोग तपासले आणि १९५० मध्ये सांगितलं की स्वस्त, प्रोपेलरवाली विमानं भरपूर घ्या. हवाई दल भडकलं. त्यांना जेट हवी होती हे एक कारण, पण दुसरं जास्त बोचरं होतं. हिशेबात विमानाची किंमत धरली होती, आत बसलेल्या माणसांच्या जिवाची नव्हती. बेरीज-वजाबाकी सगळी ठीक. माणसं तेवढी हद्दीबाहेर राहिली होती.

त्याच रँडमध्ये अल्बर्ट वोल्स्टेटर यांच्याकडे काम आलं: परदेशातले हवाई तळ कुठे असावेत? ते भूमितीचं गणित सोडवून मोकळे होऊ शकले असते. त्यांनी उलटं विचारलं, समोरच्याने आधी आपल्याच तळांवर हल्ला केला तर? १९५४ चा तो अहवाल सांगतो की बाँबर अमेरिकेतच ठेवा, बाहेरचे तळ फक्त इंधन भरण्यापुरते वापरा. दिलेला प्रश्न मोडून नवा मांडला म्हणून ते काम गाजलं.

आता माझी फजिती. एका कारखान्याच्या स्पेअर पार्टच्या स्टोअरसाठी मी सिस्टीम केली होती. तीन आठवडे स्टोअरमध्ये बसलो, प्रत्येक फॉर्मच्या तिन्ही प्रती कुठे जातात ते शोधलं, भिंतभर डायग्राम लावला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. स्टोअरकीपरच्या खणात एक कच्ची वही होती, पेन्सिलने लिहिलेली. मी विचारलं तर म्हणाले, 'ती माझी आहे, तिचं काही नाही.' मी सोडून दिलं. सिस्टीम चालू झाली आणि पहिल्याच महिन्यात तिने 'जादा साठा' अशी यादी छापली. जादा माल दुसऱ्या युनिटला रवाना झाला. पुढे एका मशीनचं बेअरिंग गेलं आणि स्टोअरमध्ये ते नव्हतं. खरेदी खातं माल वेळेवर देत नाही हे माहीत असल्याने स्टोअरकीपर गुपचूप दोन-दोन नग बाजूला ठेवत होते, आणि त्याचा हिशेब त्या वहीत होता. मशीन चार दिवस बंद. माझ्या डायग्राममध्ये एकही बाण चुकला नव्हता बरं का.

इथे ती चुलत शाखा, म्हणजे तुमचं सिस्टीम थिंकिंग, भेटते. पीटर चेकलँड हे आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीतली नोकरी सोडून १९६९ मध्ये लँकेस्टर विद्यापीठात गेले. इंजिनिअरची पद्धत व्यवस्थापनाच्या प्रश्नांना लावायची, असा बेत होता. हेतू सांगा, मी सर्वांत चांगला मार्ग सांगतो. पण माणसांमध्ये हेतूवरच एकमत नसतं. त्यातून त्यांची 'सॉफ्ट सिस्टीम्स' पद्धत आली. तिच्यात सुरुवातीला एक ढोबळ चित्र काढतात, आणि त्यात फॉर्म आणि फायलींबरोबर कोण कुणावर खार खाऊन आहे, कुणाला कशाची धास्ती आहे, हेही काढायचं असतं. मला हे वेळेवर कळलं असतं तर ती वही चित्रात आली असती, आणि तिच्याशेजारी खरेदी खात्याच्या नावाने एक कपाळाला आठ्या पडलेलं तोंड.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उद्या. डोळे थकले.

---

उणे_चिन्ह

काका, लेखन झकास. पण तुम्ही घराण्याची वंशावळ जरा लाडाने सांगताय. या घराण्याने केलेलं नुकसानही सांगा ना.

मॅकनमारा १९६१ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले आणि रँडची मंडळी थेट पेंटॅगॉनमध्ये आली. अर्थसंकल्पाची त्यांची पद्धत राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी १९६५ मध्ये सगळ्या सरकारी खात्यांवर लादली, १९७१ मध्ये ती गुंडाळावी लागली. आणि व्हिएतनाममध्ये शत्रूचे किती मृतदेह मोजले यावरून प्रगती ठरवली गेली. वरून आकडा मागितला की खालून आकडा येतो. खरा येतो असं नाही.

न्यूयॉर्कचं उदाहरण तर आणखी जवळचं. १९६९ मध्ये शहर आणि रँड यांनी मिळून एक संस्था काढली. अग्निशमन दलाच्या अभ्यासात मोजायला सोपं म्हणून 'गाडी किती वेळात पोचते' हे माप धरलं. १९७० च्या दशकात काही तुकड्या बंद झाल्या, आणि त्याच काळात शहराचा ब्राँक्स हा गरीब भाग जळत होता. टीकाकारांचा आक्षेप हाच की ते माप गरीब, दाट वस्तीतल्या आगींचं ओझं पकडतच नव्हतं.

गोल बाणवाल्यांचंही तेच. बाण काढायला पुरावा लागत नाही. मी पाच मिनिटांत सपोर्ट डेस्कच्या तीन आकृत्या काढून देतो, तिन्ही पटतील, आणि तिन्ही एकमेकींच्या विरुद्ध असतील.

---

जुनी_स्टेन्सिल

उणेराव, एकूण एक मान्य. नुसत्या बाणांवर माझाही विश्वास नाही, म्हणून आज बाण नाही काढत, तक्ता काढतो.

गोल बाणांचे मूळ पुरुष जे फॉरेस्टर. हे सल्लागार वगैरे नव्हते, हाडाचे इंजिनिअर. मॅग्नेटिक कोअर मेमरी, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची स्मृती, त्यांची. १९५६ मध्ये ते एमआयटीच्या व्यवस्थापन शाळेत गेले. जनरल इलेक्ट्रिकच्या लोकांनी त्यांना केंटकीतल्या घरगुती उपकरणांच्या कारखान्याचं कोडं घातलं. कधी तीन-चार पाळ्यांत काम, आणि काही वर्षांनी निम्मी माणसं घरी. व्यवस्थापन बाजारातल्या तेजी-मंदीकडे बोट दाखवत होतं. फॉरेस्टरनी विचारलं, तुम्ही माणसं घ्यायची आणि काढायची कधी ठरवता? मग वहीच्या एका पानावर साठा, माणसं, ऑर्डर असे रकाने पाडून ते पेन्सिलने आठवड्यामागून आठवडा पुढे सरकले. ऑर्डर अगदी स्थिर धरल्या तरी माणसं वर-खाली होतच राहिली. चढउतार बाहेरून येत नव्हता, त्यांच्याच नियमांतून निघत होता. कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर, जाडजूड पुस्तकं हे सगळं त्या पानानंतरचं.

तर बाणराव, एक पान घ्या. तीन माणसं आज घेतली. नवखा माणूस पहिले सहा आठवडे समजा ५ तक्रारी सोडवेल. तिघांचे मिळून १५. पण शिकवणार कोण? तुमच्यातलेच तिघे. शिकवताना त्यांचे वीसाचे बारा होतील असं धरा, म्हणजे २४ गेले. आता क्षमता: १०० अधिक १५ उणे २४, म्हणजे ९१. येतात ११०. आधी आठवड्याला १० साठत होत्या, आता १९ साठतील. सहा आठवड्यांनी ढीग ३१४. काहीच केलं नसतं तर २६० असता.

त्या सहाव्या आठवड्यात तुमचे मॅनेजर ३१४ बघतील आणि आणखी तीन माणसं मागतील, यावर मी पैज लावायला तयार आहे. सातव्या आठवड्यापासून आठही जण वीस-वीस सोडवू लागले की क्षमता १६०, ढीग साडेसहा आठवड्यांत साफ, आणि मग वरून विचारणा: एवढी माणसं बसून काय करतात? झाला तुमचा केंटकी. उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो, हे आयबीएमच्या अनुभवावरून फ्रेड ब्रुक्सनी १९७५ मध्ये लिहिलं, त्यातही हाच रकाना आहे.

माझे पाच आणि बारा हे अंदाज आहेत. तुमचे घाला. आणि त्याआधी एक करा. तो ११० चा आकडा फोडा. त्यात कोण कोण आहे?

---

चौकोन_आणि_बाण

काका, दोन दिवस गायब होतो कारण हेच करत बसलो होतो.

आमच्या सिस्टीममध्ये 'पुन्हा उघडलेली तक्रार' असा प्रकारच नाही. म्हणून गेल्या आठवड्याच्या ११० तक्रारी ग्राहक क्रमांकाप्रमाणे लावल्या आणि एकेक वाचली. ८० नव्या. ३० जुन्याच, नवा नंबर घेऊन आलेल्या.

एक नमुना. सोमवारी ग्राहक लिहितो: 'बिल प्रिंट होत नाही.' मंगळवारी आमचं उत्तर: 'कृपया स्क्रीनशॉट पाठवा.' आणि शेरा: बंद. बुधवारी त्याच ग्राहकाची 'नवी' तक्रार: 'स्क्रीनशॉट जोडला आहे.' गुरुवारी आमचं उत्तर: 'कोणती आवृत्ती वापरता?' शेरा: बंद. चार दिवसांत आम्ही दोन तक्रारी निकाली काढल्या, त्याचं बिल अजून प्रिंट झालेलं नाही.

डेस्कवरच्या एकाला विचारलं, असं का करता? तो म्हणाला, '४८ तासांत बंद नाही केली तर लाल होते.' त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

---

कुंपणावरची

माझा जाडजूड बाण मी परत घेते.

---

जुनी_स्टेन्सिल

ही तुमची कच्ची वही. माझ्यापेक्षा लवकर सापडली.

याच घराण्यातले ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ स्टॅफर्ड बिअर म्हणायचे की एखाद्या सिस्टीमचा हेतू म्हणजे ती जे करते ते. तुमचा डेस्क तक्रारी सोडवायला आहे असं तुम्ही समजत होता. तो लाल रंग टाळायला आहे, आणि ते काम चोख करतोय. शुक्रवारी एवढा एकच गोल काढा: मुदत कमी, म्हणून अर्धवट उत्तर, म्हणून तीच तक्रार नव्याने, म्हणून ढीग मोठा, म्हणून मुदतीची घाई जास्त. यातला प्रत्येक बाण तुमच्या ११० ओळींत दाखवता येईल, त्यामुळे उणेरावांनाही हरकत नसावी.

नीट सोडवायला वेळ जास्त लागेल, ते धरून चला. वीसाचे सतरा झाले तरी पाच जणांचे ८५, आणि नव्या तक्रारी ८०.

---

उणे_चिन्ह

हरकत आहेच. ८५ उणे ८० म्हणजे ५. दोनशेचा ढीग पाचाने उपसायला ४० आठवडे लागतील. मॅनेजर काय चाळीस आठवडे थांबणार?

---

जुनी_स्टेन्सिल

बरोबर आहे, तिथे मी घसरलो. एक माणूस लागेल, कदाचित. पण तीन नक्की नाही, आणि मुदतीचा नियम आहे तसा ठेवून तर एकही नको. नवा माणूस पहिल्याच दिवशी 'स्क्रीनशॉट पाठवा' शिकेल.

---

चौकोन_आणि_बाण

शुक्रवार झाला. मॅनेजरनी आकृती शांतपणे पाहिली, ११० ओळींची यादी मात्र दोनदा चाळली. मग म्हणाले, '४८ तास माझ्या हातात नाहीत, ग्राहकाबरोबरच्या करारात आहेत.' करार उघडला. त्यात '४८ तासांत प्रतिसाद' असं आहे. 'बंद' हा शब्द कुठेच नाही. तो आमच्या रिपोर्टमध्ये आला आहे, आणि त्या रिपोर्टची रिक्वायरमेंट तीन वर्षांपूर्वी कुणी लिहिली होती ते मी शोधलं. खाली नाव माझंच आहे.

---

जुनी_स्टेन्सिल

या, बसा. इथे आपण बरेच जण आहोत.

तो रिपोर्ट बदलायला किती दिवस लागतील? आणि दोनशेचा ढीग अजून कुणी वाचलेला नाही, तोही तसाच फोडून बघा.

---

चौकोन_आणि_बाण

रिपोर्टला दोन दिवस. ढिगातल्या पहिल्या वीस तक्रारी आताच वाचल्या. त्यातल्या सात त्या बिलवाल्याच्याच आहेत.